आईच्या नावे कोरलेलं घर

दानिएल खोडोविएत्स्कीची आई डान्त्सिगला राहायची, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला. तो मात्र १७४३ मध्ये, पोरवयातच, बर्लिनला गेला आणि तिथेच चित्रकार म्हणून नावारूपाला आला. १७७१ मध्ये त्याने आपलं सगळं घरच एका कागदावर उतरवलं आणि ते चित्र आईला अर्पण केलं. ‘चित्रकाराची खोली’ हे त्याचं नाव.

टेबलाभोवती पाच मुलं आहेत, जवळच त्यांची आई. भिंत तसबिरींनी गच्च भरलेली. आणि बाजूला, खिडकीपाशी, कामाला बसलेला तो स्वतः. लघुचित्रं रंगवणं हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय, आणि इथेही तो त्याच कामात आहे. पण आपण पाहतो ते चित्र ब्रशने काढलेलंच नाही. हे एचिंग आहे.

एचिंग कसं होतं हे कळलं की या खोलीकडे बघण्याची नजरच बदलते. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा आणि त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई जाईल तिथे काळ्यातून तांबं चमकतं. म्हणजे कागदावर जी रेघ काळी उमटणार, ती काढताना चित्रकाराला झळझळीत दिसते! शिवाय छाप उलटा येतो, त्यामुळे डावं-उजवंही मनातल्या मनात फिरवावं लागतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं, मेणाखालचं शाबूत राहतं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल होते, शाई जास्त धरते आणि गडद उमटते. शेवटी थर काढून खाचांमध्ये शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्राच्या रुळांमधून काढायचा.

म्हणून या खोलीतला उजेड मला फार मोठी करामत वाटते. तो कुणी काढलेलाच नाही. रेघा जिथे थांबल्या तिथे कोरा कागद उरला, आणि त्याचाच उजेड झाला.

टेबलापाशी बसलेल्या मुलांपैकी सुझेट आणि विल्हेल्म पुढे चित्रकलेतच आले. बापाला मात्र चित्र पाठवून समाधान झालं नाही. १७७३ मध्ये तो घोड्यावर बसून डान्त्सिगला आईकडे गेला आणि तो सगळा प्रवास त्याने शंभराहून जास्त रेखाटनांत टिपला.