लोणच्याचा डबा आणि समुद्रातले प्लास्टिक

प्लास्टिकच्या डब्यात आठवडाभर लोणचे ठेवले, की डबा कितीही घासला तरी पिवळा डाग आणि वास जात नाही. त्याच डब्यात दुसऱ्या दिवशी चपात्या ठेवल्या तर त्यांनाही लोणच्याचा वास लागतो. तेलकट पदार्थ आधी शोषून घ्यायचा आणि मग दुसऱ्याला द्यायचा, हा प्लास्टिकचा स्वभाव आपल्या भगिनींना पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. हाच स्वभाव आज समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात घातक ठरू लागला आहे.

प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटा खाऊन पिशव्यांचे, बाटल्यांचे फक्त तुकडे होतात. पॉलिस्टरच्या साड्या व शर्ट धुतानाही बारीक धागे सुटून गटारात जातात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली या कणांकडे जगाचे लक्ष वेधले.

आता दुसरी वस्तू पाहू. ऊन लागू नये म्हणून लावायच्या मलमाला सनस्क्रीन म्हणतात. चेहऱ्याच्या अनेक क्रीमवर 'एसपीएफ' असे छापलेले असते, तोही हाच प्रकार. त्यात ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन अशी रसायने वापरतात. ती उन्हातील अतिनील किरण शोषतात. ही रसायने तेलकट स्वभावाची असून पाण्यात फारशी विरघळत नाहीत. अंघोळ केली की ती मोरीतून गटारात आणि तेथून खाडीत जातात.

पाण्यात त्यांची गाठ प्लास्टिकच्या कणांशी पडते. पाण्यापेक्षा प्लास्टिक त्यांना जवळचे वाटते, म्हणून ती त्याला चिकटतात. ऑक्टोक्रिलीन जास्त तेलकट, म्हणून ते ऑक्सिबेन्झोनपेक्षा जास्त चिकटते. कण जितका बारीक, तितकी चिकटायला जागा अधिक. पुढे तोच कण वाहत स्वच्छ पाण्यात गेला की रसायन हळूहळू सुटू लागते. म्हणजे हा कण हमालासारखा एका ठिकाणचे ओझे दुसऱ्या ठिकाणी नेऊन उतरवतो.

माशाने तो कण गिळला तर काय होते? पोटातील पाचक रस तेलकट पदार्थ सोडवतात. इंग्लंडमधील प्लिमथ येथील शास्त्रज्ञांनी २०१४ साली डीडीटीसारख्या रसायनांवर प्रयोग केले. पोटासारख्या परिस्थितीत ती रसायने समुद्राच्या पाण्यापेक्षा तीसपटीपर्यंत वेगाने सुटू शकतात, असे त्यांना आढळले. अर्थात माशाच्या अंगात रसायन जाण्याचा हा एकच मार्ग नाही. पाण्यातून आणि खाद्यातूनही ते जाते.

प्रश्न न्यायाचाही आहे. ज्याने आयुष्यात कधी सनस्क्रीन लावले नाही, त्याच्याच ताटात सुकट आणि जवळा असतो. मोठ्या माशाचे पोट आपण काढून टाकतो, पण जवळा पोटासकट खाल्ला जातो. घाबरून सुकट सोडावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती गरिबाची ताकद आहे. पण ती स्वच्छ पाण्यातली असावी, हा आपला हक्क आहे.

प्रवाळांच्या रक्षणासाठी पलाऊ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि अमेरिकेच्या हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून अशा काही रसायनांच्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. आपल्या महाराष्ट्रातही २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. तरी नाले पिशव्यांनी भरलेलेच दिसतात!

मग आपण काय करावे? उन्हात काम करताना टोपी, पदर, रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा वापरावा. गोरे होण्यासाठी क्रीमवर पैसे घालवू नयेत. काळा रंग हा दोष नव्हे. मात्र डॉक्टरांनी दिलेले मलम आपल्या मनाने बंद करू नये. बाजारात कापडी पिशवी न्यावी, मुलांना स्टीलचा डबा द्यावा.

पण घरातील काळजी पुरेशी नाही. वस्तीत कचरा रोज उचलला जावा, नाल्याचे पाणी शुद्ध करूनच खाडीत सोडावे, अशी मागणी महिला मंडळांनी व तरुणांनी एकत्र येऊन महापालिकेकडे लेखी करावी आणि त्याची पोच घ्यावी. पाण्यात टाकले म्हणजे गेले, ही समजूत आता सोडली पाहिजे.