पायस, डिंक आणि क्रमांक ३२२ : योजक द्रव्यांच्या नामकरणाचा विचार

हिंगोली जिल्ह्याच्या शेतीची मोठी भिस्त सोयाबीन व हळद या दोन पिकांवर आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. परंतु या पिकांपासून काढलेली द्रव्ये जेव्हा बिस्किटे, चॉकलेट किंवा औषधे यांत मिसळून गावच्या दुकानात येतात, तेव्हा ती पिकविणाऱ्यासही ओळखू येत नाहीत. सोयाबीनचे लेसिथिन वेष्टनावर '३२२' होते. हळदीचा पिवळेपणा '१००' होतो. हा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे, तितकाच नामकरणाचाही आहे.

तेल व पाणी एकत्र घुसळले तरी थोड्याच वेळात विलग होतात. ज्या द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढ घेते, ते तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण करून त्यांस परस्परांत मिसळू देत नाही. अशा द्रव्यास मराठी परिभाषेत 'पायसीकारक' व त्या मिश्रणास 'पायस' म्हणतात. दूध हे पायसाचे परिचित उदाहरण होय. इंग्रजीतील 'इमल्शन' हा शब्द दूध काढणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. आपला 'पायस' पयस् म्हणजे दूध यापासून. अडचण एवढीच की, सामान्य मराठी वाचकास पायस म्हटले की खीर आठवते.

'लेसिथिन' या नावाची कथा याहून बोधप्रद आहे. फ्रेंच रसायनज्ञ गॉब्ली यांनी अंड्याच्या बलकातून मिळविलेल्या द्रव्यास १८५० साली बलकवाचक ग्रीक शब्दावरून हे नाव दिले. आज ते मुख्यतः सोयाबीनच्या कच्च्या तेलात पाणी मिसळून, फुगून वेगळा होणारा डिंकासारखा भाग काढून मिळवितात. द्रव्याचा उगम बदलला. नाव मात्र अंड्याचेच राहिले. 'कर्क्युमिन'ची वाट वेगळी. संस्कृत 'हरिद्रा' प्राकृत 'हलिद्दा'मार्गे 'हळद' झाली. शास्त्रीय नाव मात्र अरबी 'कुर्कुम'वरून आले, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ केशर!

या गोंधळावर उपाय म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९८९ साली एक क्रमांकपद्धती स्वीकारली. तीत गवारीच्या बियांचा गम ४१२, बाभूळवर्गीय झाडांचा डिंक ४१४ व धावड्याचा डिंक ४१९ होय. भाषा कोणतीही असो, क्रमांक एकच. हा त्याचा मोठा गुण. परंतु क्रमांक द्रव्याची ओळख सांगतो, उगम सांगेलच असे नाही. ४७१ या क्रमांकाची पायसीकारके वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य अशा दोन्ही स्निग्धांपासून होऊ शकतात. म्हणूनच शाकाहाराची खूण आणि सोयाबीनसारख्या अॅलर्जीकारक घटकांचा उल्लेख वेष्टनावर स्वतंत्रपणे करावा लागतो. भारतीय नियमांनुसार योजकाच्या कार्यवर्गासह त्याचे नाव किंवा क्रमांक देणे आवश्यक आहे. पण हा मजकूर इंग्रजीत वा हिंदीत असला म्हणजे पुरते. मराठी ऐच्छिक आहे.

औषधांच्या बाबतीत मौन अधिक गडद आहे. गोळीत मुख्य औषधाखेरीज आकारमान वाढविणारे लॅक्टोज, बांधणारा स्टार्च, यंत्रास चिकटू न देणारे मॅग्नेशियम स्टिअरेट अशी द्रव्ये असतात. वेष्टनावर मात्र पुष्कळदा 'एक्सिपियंट्स क्यू. एस.' एवढेच आढळते. त्याचा अर्थ 'साहाय्यक द्रव्ये, पुरेशी'. ज्यास दुधातील शर्करा पचत नाही त्यास या दोन अक्षरांतून काहीच कळत नाही. आयुर्वेदातील अनुपान, मध असो वा तूप, रोगी स्वतः पाहून घेतो. हे आधुनिक साहाय्यक त्याच्या दृष्टीआड असते.

नावाची किंमत केवढी असू शकते, हे अमेरिकेतील १९३७ च्या दुर्घटनेने दाखविले. सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून 'एलिक्झिर' म्हणून विकले गेले व शंभराहून अधिक माणसे दगावली. औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याची परीक्षा तेव्हाच्या कायद्यास अपेक्षित नव्हती. 'एलिक्झिर' म्हणजे मद्यार्कातील द्रावण, आणि यात मद्यार्क नाही, या नावाच्या खोटेपणावरच माल जप्त करता आला. १९३८ साली नवा कायदा झाला. तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिन म्हणून दिलेल्या द्रवात हेच विष निघाले व चौदा रुग्ण मृत्यू पावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. येथे नाव निर्दोष होते, वस्तू सदोष. सारांश, अचूक नाव आवश्यक आहे, पण परीक्षणावाचून ते पुरेसे नाही.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. बोलीत 'भेसळ' हा शब्द बाहेरून घातलेल्या सर्वच द्रव्यांना लावला जातो. परंतु योजक हे कार्यासाठी, मर्यादेत व जाहीरपणे घातलेले असते. भेसळ लपविलेली असते. बिस्किटातील १०० हे योजक; हळदपुडीतील मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट ही भेसळ. दोहोंस एकच शब्द वापरणारा समाज निरुपद्रवी लेसिथिनला भितो आणि विषारी पिवळेपणाला भुलतो.

तेव्हा मराठी परिभाषेने केवळ संस्कृत प्रतिशब्द घडवून थांबू नये. कार्य, उगम व क्रमांक ही तिन्ही अंगे एकत्र यावीत : 'पायसीकारक, सोयाबीनचे लेसिथिन, ३२२', 'रंग, हळदीतील कर्क्युमिन, १००'. अशा नोंदीने वेष्टन चार अक्षरांनी लांबेल; परंतु वसमतच्या शेतकऱ्यास आपलेच पीक त्यावर वाचता येईल, आणि सोयाबीन ज्यास वर्ज्य आहे त्यास ते वेळीच टाळताही येईल.