धुऱ्यातला खेकडा आणि समुद्रातला खेकडा

बालमित्रांनो, रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्याला बीळ दिसले, की आपण त्यात काडी घालून पाहतो. आत खेकडा आहे की साप, कोण जाणे! खेकडा निघाला तर घरी त्याचा रस्सा होतो. पण खेकडा नीट न्याहाळून पाहतो कोण?

एका माणसाने पाहिला. त्यांचे नाव डॉ. बी. एफ. छापगर. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. छापगर तेथे क्युरेटर, म्हणजे मत्स्यालय सांभाळणारे अधिकारी होते.

मुंबई आपल्या केशोरीहून हजारेक किलोमीटर दूर. म्हणून समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला नाही. त्याचे पाणी रोज दोनदा चढते नि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. ओहोटी लागली की खडक नि चिखल उघडा पडतो आणि तेथले जीव दिसू लागतात. छापगरांनी अशा किनाऱ्यावरच्या खेकड्यांचा अभ्यास केला. कवच कसे, नांग्या केवढ्या, पायांचा आकार कोणता, यावरून खेकड्याची जात ओळखतात. तेव्हाच्या मुंबई राज्यातील समुद्री खेकड्यांवरचा त्यांचा लेख १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे २००६ साली ‘मरीन लाइफ इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक निघाले.

आता एक गंमत पाहा. खेकडा उलटा करा, पण नांगीला जपून! पोटाखाली एक झडप दिसेल. ती अरुंद असेल तर नर, रुंद नि गोलसर असेल तर मादी. समुद्रातली मादी या झडपेखाली पुष्कळ अंडी वागवते. मोठ्या जातींत तर ती लाखो असतात. त्यांतून निघणारी पिल्ले खेकड्यासारखी दिसतच नाहीत. ती पाण्यात तरंगत राहतात. अनेकदा कात टाकल्यावर त्यांना खेकड्याचे रूप येते. त्यांतली बहुतेक मासे खाऊन टाकतात.

आपल्या धुऱ्यातल्या मादीचे तसे नाही. तिची अंडी थोडी, पण मोठी. अंड्यातून एकदम इवलासा खेकडाच बाहेर येतो. आई काही दिवस त्यांना पोटाशी धरून ठेवते.

म्हणजे समुद्रातली एक मादी पकडली तरी लाखो पिल्ले आधीच पाण्यात गेलेली असू शकतात. पण आपली पिल्लेवाली मादी हंडीत गेली, तर तिच्याबरोबर सारी पिल्लेही जातात. मग पुढे धुऱ्यात खेकडा यायचा कोठून?

तेव्हा मुलांनो, यंदा खेकडा सापडला की आधी त्याचे पोट पाहा. अंडी किंवा पिल्ले दिसली तर तिला परत पाण्यात सोडा. घरी आईबाबांनाही सांगा. आणि तारीख, जागा, नर की मादी, हे वहीत लिहून ठेवा. छापगरांचे काम असेच पाहण्यातून नि लिहिण्यातून उभे राहिले. समुद्र दूर आहे, पण बांधी तर घराजवळच आहे!