हातात मावणारा ध्वनिक्षेपक

आपल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तांबे पुढे कोणकोणती रूपे घेते, याचा विचार आपण क्वचितच करतो. विजेच्या तारा आपल्या परिचयाच्या आहेत. परंतु घरोघरी दिसणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरमध्येही बहुधा तांब्याची तारच गात असते, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

हा ध्वनिक्षेपक बोलतो कसा? त्याच्या आत एक प्रबळ चुंबक असतो व चुंबकाच्या फटीत बारीक तारेचे वेटोळे अधांतरी बसविलेले असते. गाण्याबरहुकूम बदलणारा विद्युत्प्रवाह त्यातून वाहू लागला की वेटोळे पुढे-मागे हलते. त्यास जोडलेला पडदा हवेला धक्के देतो व त्या लहरी आपल्या कानी येतात. अमेरिकेतील राइस व केलॉग यांनी १९२५ साली ही रचना व्यवहारोपयोगी करून दाखविली. आजच्या महागड्या स्पीकरचेही तत्त्व तेच आहे.

मग तारेवाचून गाणे येते कसे? फोन ते अंकरूपाने, सेकंदास सुमारे २४० कोटी कंपने करणाऱ्या रेडिओलहरींवरून पाठवितो. इतर यंत्रांशी टक्कर टळावी म्हणून या लहरी सेकंदास १६०० वेळांपर्यंत आपला मार्ग बदलतात. तथापि ही वाट अरुंद आहे. सीडीवरील संगीतास दर सेकंदाला १४ लक्षांहून अधिक ‘बिट’ लागतात. ब्लूटूथची नेहमीची पद्धती सुमारे ३ लक्ष २८ हजारच वाहून नेते. कानास कमी जाणवणारा अंश वाटेतच गाळावा लागतो. एलडॅकसारखी पद्धती ९ लक्ष ९० हजारांपर्यंत नेते, परंतु फोन व स्पीकर या दोहोंस ती अवगत असली पाहिजे. एकट्या स्पीकरवर पैसे खर्चून भागत नाही, ते यामुळेच.

दुसरी अडचण आकाराची. सेकंदास ५० कंपनांच्या खर्ज स्वराची लहर सुमारे ७ मीटर लांब असते. असा स्वर मोठ्याने उमटविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि लहान पडद्याचे बळ तेथे अपुरे पडते. म्हणून चांगल्या स्पीकरांत पेटीतील हवेच्या दाबाने हलणारा दुसरा, विजेवाचून चालणारा पडदा बसवितात. युक्ती उत्तम खरी. तरीही मोठ्या पेटीची सर तिला पूर्णपणे येत नाही. तेव्हा किमतीवर न जाता, ओळखीचे गाणे हळू आवाजात ऐकून पारख करावी, हे शहाणपणाचे.

हळू आवाजात, असे मुद्दाम म्हटले. आपल्या अंतःकर्णातील केसासारख्या नाजूक पेशी मोठ्या आवाजाने एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. स्पीकर फुटला तर दुसरा विकत मिळेल. परंतु कानाची खाण कोठेही सापडत नाही. विद्यार्थीमित्रहो, संगीताचा आनंद जन्मभर लुटावयाचा असेल, तर आवाजाची कळ फिरविताना एवढे ध्यानी असू द्यावे.