ताजा रस आणि आपल्या गोळ्या



हल्ली आपल्या वयाच्या पुष्कळ जणांनी सकाळी कच्च्या फळांचा, भाज्यांचा रस सुरू केला आहे. कोणी भारतातल्या वाहिन्यांवर ऐकून, कोणाला नातवंडांनी यंत्र आणून दिले म्हणून. मी पुष्कळ वर्षे नर्सचे काम केले, त्यामुळे बायका मला विचारतात, "सिस्टर, हे चांगले ना?"

चांगले आहे. पेलाभर संत्र्याच्या रसात दिवसभराचे क जीवनसत्त्व मिळते. ज्यांचे दात गेले त्यांना गाजर, सफरचंद चावता येत नाही, त्यांना रसाचा आधार होतो. वय वाढले की तहान कमी लागते. दिमोना, बेर शेवाच्या उन्हाळ्यात त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जाते.

पण पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात. चोथा आपण टाकतो, आणि बद्धकोष्ठावर उपयोगी असतो तो चोथाच! पेल्यात उरते सुमारे 20 ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. मधुमेह असेल तर अख्खे संत्रे खावे. इतरांनी दिवसाला किद्दुशच्या पेल्याएवढा, फार तर 150 मिली रस जेवणासोबत घ्यावा. मूत्रपिंड कमजोर असेल तर रसातले पोटॅशियम बाधू शकते, तेव्हा आधी कुपात खोलीमच्या डॉक्टरांना विचारावे. आणि शिजवलेले सगळे सोडून निव्वळ कच्च्यावर राहणे मला पटत नाही. गाजर-टोमॅटोतले काही गुण शिजवून, थोड्या तेलासोबत खाल्ल्यावरच अंगी जास्त लागतात.

आता महत्त्वाचे. अश्कोलीत, म्हणजे ग्रेपफ्रूट, इथे स्वस्त आणि रसाळ. आतड्याच्या अस्तरात एक द्रव्य असते, ते काही गोळ्यांचा बराचसा भाग रक्तात जाण्याआधीच मोडते. अश्कोलीतचा रस त्या द्रव्याला निकामी करतो. मग एकच गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी लागू शकते. 1989 साली कॅनडात रक्तदाबाच्या एका गोळीचा अभ्यास करताना हे योगायोगाने कळले. कोलेस्टेरॉलच्या सिम्व्हास्टॅटिन, एटॉर्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबाच्या निफेडिपिन, फेलोडिपिन या गोळ्यांबाबत विशेष जपावे. स्नायू दुखणे, चक्कर येणे असे त्रास होऊ शकतात. "मी रस सकाळी पिते, गोळी रात्री घेते," असे म्हणून चालत नाही, कारण परिणाम एक दिवसाहून जास्त टिकतो. कोकणातला आपला पपनस, इथला पोमेला, हाही त्याच जातीचा. गोड संत्रे आणि लिंबू यांचे असे नाही. गोळ्यांची डबी फार्मसीत नेऊन दाखवा. मनाने गोळी बंद करू नका. सोडायचा तो रस.

दुसरी गोष्ट दुधीची. दुधीचा कच्चा रस पिणारे आपल्यात आहेत. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो. भारतात त्याने माणसे दगावली आहेत. शिजवूनही तो कडवटपणा जात नाही. म्हणून रस काढण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकावा आणि दुधी टाकून द्यावा. मध, आले घालून चव झाकू नये. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. 101 ला फोन करा आणि दुधीचा रस प्यायलो हे आधी सांगा.