शेल्टरमधला शेजारी

ऑनसाइटला अमेरिकेत गेलात आणि सह्याद्रीची आठवण छळायला लागली, की कुणीतरी हमखास अ‍ॅपलेशियन ट्रेलचं नाव काढतं. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यं, साधारण ३,५०० किलोमीटर. एका दमात करायचा तर पाच ते सात महिने! मुक्कामाला वाटेत अडीचशेच्या वर शेल्टर्स आहेत. बहुतेकांना तीन भिंती, वर छप्पर आणि चौथी बाजू उघडी. बहुतेक ठिकाणी भाडं नाही, बुकिंग नाही. जो आधी येईल त्याची जागा.

आता सांगा, अशी जागा फक्त हौशी ट्रेकर्सनाच सापडेल का? ज्याला घरच नाही, तोही तिथे पोचतोच. शेजारी पथारी टाकणारा सुट्टीवर असेलच असं नाही. आणि ओळखणार कसं? वाढलेली दाढी, आठवडाभर न धुतलेला शर्ट, पाठीवर सगळा संसार... दोघांचा अवतार सेम! लांब पल्ल्याचे हायकर्स तर कौतुकाने स्वतःला 'हायकर ट्रॅश' म्हणवून घेतात. हे बिरूद मिरवायला खिशात क्रेडिट कार्ड असावं लागतं, बरं का.

भीती वाटते? वाटू शकते, एकटी मुलगी असेल तर जास्तच. समोरच्याचं वागणं खटकलं तर लाजू नका, सॅक उचला आणि पुढे निघा. उद्याचा मुक्काम कुठे, हेही सांगत बसू नका. पण नुसता मळका शर्ट बघून दचकला असाल, तर आधी स्वतःच्या मोज्यांचा वास घ्या! नूडल्सचं एखादं पाकीट जास्त असेल तर पुढे करा. 'कुठून निघालात?' हा ट्रेलवरचा नेहमीचा प्रश्न त्यालाही विचारता येतो.