हलक्या धनुष्याला बाण कोणता?

श्रोतेहो, धनुर्विद्येचा विषय निघाला की आपल्याला पहिली आठवण होते ती अर्जुनाची. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा त्याला दिसला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती एकाग्रता शिकवावी म्हणून, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यामुळे एक समजूत नकळत रुजून बसली आहे. नेम लागला की कौतुक डोळ्याचे, आणि चुकला की दोषही डोळ्याचा, नाही तर हाताचा. बाणाची चौकशी कोणी करीत नाही. ती आज आपण करू.

ही चौकशी का करावयाची, ते आधी सांगतो. सातारा जिल्ह्यातील सरडे या गावचा प्रवीण जाधव २०१९ साली जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत खेळला. तेव्हा खेड्यातल्या मुलाने धनुष्य हाती घ्यावे, ही काही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. पण समजा, एखाद्या शाळेने वर्गणी काढून चार हलकी रिकर्व्ह धनुष्ये घेतली. रिकर्व्ह म्हणजे ज्याची दोन्ही टोके पुढे वळलेली असतात ते. पैसे तेथेच संपत आले, म्हणून बाण घेतले दुकानात मिळाले ते, म्हणजे मोठ्या माणसांचे. बारा वर्षांची मुलगी ते सोडू लागते. बाण डावीकडे जातो. गुरुजी म्हणतात, "नीट बघ." ती नीट बघते, बाण पुन्हा डावीकडेच. आठ दिवसांत तिची खात्री होते की, हे आपल्याला जमणारे नाही. धनुष्य खुंटीला लागते. आणि दोष तिचा नसतोच मुळी! बाण तिच्या धनुष्याच्या मानाने फार ताठ असतो.

आता तुम्ही म्हणाल, बाण ताठ असला तर बिघडले कुठे? बाण ताठच हवा ना? नाही. येथेच खरी गंमत आहे. सायकलच्या चाकाचा एक आरा घ्या आणि दोन्ही तळव्यांमध्ये टोकांवर धरून दाबा. आरा मधोमध बाक घेतो. बाणाचेही तसेच होते. दोरी सुटली की ती बाणाला मागून जोराने रेटते, पुढचे टोक मात्र आपल्या जडपणामुळे लगेच हलत नाही. शिवाय दोरी बोटांवरून घसरताना किंचित बाजूला सरकते. त्यामुळे बाण आधी धनुष्याच्या अंगाला वाकतो, मग उलट बाजूला, मग पुन्हा पहिल्या बाजूला. पाण्यात साप जावा तसा तो धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघतो, आणि त्याची पिसे मुठीला न लागता पार होतात. पुढे हवेत हे वाकणे कमी कमी होत जाऊन बाण सरळ धावू लागतो. या प्रकाराला इंग्रजीत 'धनुर्धराचे कोडे' अशा अर्थाचे नाव आहे. १९३० नंतरच्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रे घेऊन बाण कसा वाकतो ते दाखवून दिले.

तेव्हा मुद्दा असा : बाण वाकलाच पाहिजे, पण बेताने. किती वाकावा, हे धनुष्याच्या ओढीवर ठरते. ओढ कमी, तर बाण अधिक लवचीक हवा. ताठ बाणाला हलके धनुष्य पुरेसे वाकवू शकत नाही. मग तो मुठीशी अडखळतो आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. बाण फार लवचीक असेल, तर उजवीकडे. डावखुऱ्या मुलाचे याच्या नेमके उलट समजावे.

बाणाचा ताठपणा मोजण्याचे एक ठरलेले माप आहे. त्याला तिरंदाज 'स्पाइन' म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाची काडी आडवी ठेवावयाची, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगावयाचे आणि काडी किती खाली झुकली ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजावयाचे. एक इंच झुकली तर अंक १०००, अर्धा इंच झुकली तर ५००. येथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून नीट ध्यानात ठेवा : अंक मोठा म्हणजे बाण लवचीक, अंक लहान म्हणजे बाण ताठ.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गातही करता येतो. दोन बाके समोरासमोर ठेवा, कडांवर एकेक पेन्सिल आडवी चिकटवा, आणि दोन्ही पेन्सिलींत ७१ सेंटिमीटर अंतर ठेवा. वाण्याच्या काट्यावर पाण्याची बाटली दोरीसकट ८८० ग्रॅम भरेल अशी करा. पिसे नसलेली काडी पेन्सिलींवर ठेवून तिच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा. मग बाटली टांगून पुन्हा मोजा. जो फरक येईल त्याच्या मिलिमीटरांना ४० ने गुणा. २५ मिलिमीटर झोल म्हणजे अंक सुमारे १०००. काडी आखूड असेल तर टेकूंतले अंतर २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर घ्या आणि येणारा अंक सव्वापट करा. असे का? कारण झोल हा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी दुप्पट केली तर झोल दुप्पट नव्हे, आठपट होतो. विज्ञानाचा एक तास यातच निघेल.

आता धनुष्याची ओढ. धनुष्यावर २० पौंड असे लिहिलेले असते, ते दोरी २८ इंच ओढली तर. लहान मूल २४ इंचच ओढत असेल, तर त्याच्या हाती २० पौंड येतच नाहीत. अशा हलक्या धनुष्यात इंचामागे साधारण एक पौंड कमी होतो, म्हणजे त्याला १६ पौंडच मिळतात. अंदाजावर विसंबू नये. मुलाने पूर्ण दोरी ओढली असता बाणावर मुठीपाशी खूण करा आणि तेवढीच दोरी स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून पाहा. नऊ किलो म्हणजे सुमारे २० पौंड.

ओढ आणि बाणाची लांबी ही दोन मापे कळली की बाण बनविणाऱ्यांच्या तक्त्यात अंक पाहावा. ढोबळ मानाने, १६ ते २० पौंडांच्या ओढीला १००० किंवा त्याहून मोठा अंक लागतो. ३० पौंड आणि २८ इंची बाण असेल तर ७००-८०० च्या आसपास. दुकानात सर्रास दिसणारे ५०० अंकाचे बाण चाळीस-पंचेचाळीस पौंड ओढणाऱ्या प्रौढाचे असतात, हे विसरू नये.

तक्ता म्हणजे सुरुवात. खरा निकाल मैदानावर. मुलाची पद्धत थोडी बसली की दहा मीटरवरून पिसांचे तीन बाण आणि त्याच जातीचे बिनपिसांचे दोन बाण सोडावयास सांगा. पिसे बाणाची चूक झाकतात, बिनपिसांचा बाण ती उघड करतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे पडले तर बाण ताठ, उजवीकडे पडले तर लवचीक, जवळजवळ पडले तर जोडी जमली. एका बाणावरून निर्णय करू नका. तीन-चार वेळा तेच घडले तरच माना.

बाण थोडाच ताठ असेल, तर पुढचे टोक अधिक जड बसवावे. त्याने बाण जास्त वाकतो. थोडा लवचीक असेल, तर काडी पाव-पाव इंच कापत जावे. आखूड बाण ताठ होतो. पण कापलेली काडी पुन्हा जोडता येत नाही, आणि मूल तर वाढत असते! म्हणून कापण्याची घाई नको. पूर्ण ओढीला बाणाचे टोक मुठीच्या पुढे निदान दोन इंच राहिलेच पाहिजे. आखूड बाण मागे सरकून पडला तर तो हातात घुसण्याची भीती असते. चाचणीच्या वेळी सगळी मुले बाण सोडणाऱ्याच्या मागे उभी असावीत, हे वेगळे सांगावयास नको.

एक मोह मात्र टाळा. बाण ताठ आहेत, तर धनुष्यच जड घेऊ, असे कोणी सुचवील. बाणासाठी मुलाचा खांदा दुखवावयाचा, हा उफराटा न्याय झाला. आधी मूल, मग त्याला पेलणारे धनुष्य, आणि मग त्या धनुष्याला शोभणारा बाण, हाच क्रम बरोबर.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या मुलाचे बाण सारखे एकाच बाजूला जाऊ लागले, तर "नीट बघ" म्हणण्याआधी त्याच्या हातातला बाण मागून घ्या. दोन बाके, दोन पेन्सिली आणि एक पाण्याची बाटली एवढ्यावर त्याची परीक्षा होते. चुका मुलेही करतातच, पण त्यांच्या चुका कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर, कधी खाली अशा विखुरतात. हात स्थिर असूनही बाण रोज एकाच बाजूला जात असेल, तर ते मूल आपले काम चोख करीत आहे. त्याला शाबासकी द्या, आणि बाण बदला.